को-प्रोड्युसर व्हायचंय? आधी कोणता ते विचारून घ्या

कोणी पहिल्यांदा विचारलं की आमच्या फिल्मला को-प्रोड्युसर म्हणून येतोस का, तर माणूस विचार न करताच हो म्हणून मोकळा होतो. पडद्यावर नाव येणार आणि त्याच्या वर प्रोड्युसर लिहिलेलं असणार, अजून काय पाहिजे. मीही असंच हो म्हटलं होतं. नंतर अर्धं शूट झाल्यावर कळलं की समोरच्याच्या डोक्यात मी पैसे आणणारा होतो आणि माझ्या डोक्यात मी फिल्म उभी करणारा. दोघंही खरंच बोलत होतो, पण शब्द एक आणि अर्थ दोन. म्हणून हे सविस्तर लिहितोय, म्हणजे निदान तुम्ही तरी हा प्रश्न पहिल्या मीटिंगलाच विचाराल.

को-प्रोड्युसर या एका नावाखाली साधारण तीन प्रकारची माणसं काम करतात.

एक असतो पार्टनर. हा बऱ्याचदा माणूस नसतोच, कंपनी असते. फिल्म बनवणाऱ्या मुख्य कंपनीकडे सगळे पैसे नाहीत, किंवा दुसऱ्या देशात शूट करायचंय, तिथली ग्रँट किंवा टॅक्सची सवलत पाहिजे, मग तिथली कंपनी को-प्रोड्युसर म्हणून आत येते. ती पैसे लावते आणि त्या बदल्यात मालकीचा हिस्सा, नफ्यातला वाटा, कधी एखाद्या भागातले प्रदर्शनाचे हक्क घेते. युरोपात या प्रकाराला पक्की चौकट आहे. स्ट्रासबुर्गमध्ये 1992 साली सह-निर्मितीचा करार झाला आणि त्याची सुधारित आवृत्ती रॉटरडॅमला 2017 मध्ये आली. जुन्या करारात तीन किंवा जास्त देशांच्या फिल्ममध्ये एका पार्टनरचा वाटा कमीत कमी 10 टक्के आणि जास्तीत जास्त 70 टक्के ठेवला होता, नव्या करारात तो 5 ते 80 झाला. दोनच देश असतील तर आधी 20 ते 80 होता तो 10 ते 90 झाला. आकडे कोरडे वाटतात पण यांच्यामुळेच एखादी छोटी कंपनी मोठ्या फिल्ममध्ये अधिकृतपणे पार्टनर होऊ शकते आणि तिच्या देशात ती फिल्म तिथलीच म्हणून धरली जाते, मग तिथला फंड मागता येतो. कौन्सिल ऑफ युरोप या युरोपातल्या देशांच्या संघटनेने 1988 साली युरिमाज नावाचा फंडच अशा सह-निर्मितीसाठी उभा केला.

दुसरा असतो कामाचा को-प्रोड्युसर. हा प्रोड्युसरचा उजवा हात. ह्याने स्वतःचा पैसा लावलेला नसतो, बाकी सगळं लावलेलं असतं. प्रोड्युसर दहा ठिकाणी बघतो, हा एका फिल्मला चिकटून असतो. मी जास्त करून हेच काम केलंय त्यामुळे पुढे याच्याबद्दलच जास्त लिहीन.

तिसरा प्रकार टीव्हीवरचा, आणि इथेच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. अमेरिकन सीरिजच्या टायटल्समध्ये को-प्रोड्युसर म्हणून जी नावं दिसतात त्यातली बरीचशी रायटर्स रूममध्ये बसणाऱ्या लेखकांची असतात. तिथे ती लेखकाची एक पायरी आहे, स्टाफ रायटर, मग स्टोरी एडिटर, एक्झिक्युटिव्ह स्टोरी एडिटर, मग को-प्रोड्युसर, प्रोड्युसर, सुपरवायझिंग प्रोड्युसर, को-एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर आणि सगळ्यात वर एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर. म्हणजे त्या को-प्रोड्युसरने एकही बिल सही केलेलं नसेल, त्याने एपिसोड लिहिलेत, दुसऱ्यांचे सुधारलेत, कदाचित आपल्या एपिसोडच्या शूटला सेटवर उभा राहिलाय. तेव्हा टीव्हीतला को-प्रोड्युसर बघून फिल्ममधल्या को-प्रोड्युसरच्या कामाचा अंदाज बांधू नका.

जाता जाता शेजारच्या पदांचंही सांगतो. लाइन प्रोड्युसर बजेट आणि शूटचा रोजचा कारभार चालवतो, बजेटमध्ये लेखक, डायरेक्टर, मोठे कलाकार यांचे पैसे एका रेषेच्या वर मांडतात, त्याची जबाबदारी त्या रेषेखालच्या खर्चाची, म्हणून ते नाव. फिल्ममध्ये एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर बहुतेकदा पैसा किंवा मोठी ओळख आणणारा असतो, टीव्हीत मात्र तोच सगळ्यांचा बॉस. असोसिएट प्रोड्युसर हे नाव इतक्या वेगवेगळ्या कारणांनी दिलं जातं की नुसतं नाव ऐकून काहीच सांगता येत नाही. आणि हो, ऑस्करमध्ये बेस्ट पिक्चरसाठी को-प्रोड्युसरचं नाव धरत नाहीत, प्रोड्युसर किंवा प्रोड्युस्ड बाय असं क्रेडिट असलेल्यांनाच धरतात, त्यातही कोणी खरंच काम केलं ते तपासतात. कोणाला फार वाईट वाटतं याचं. मला वाटतं आधीच माहीत असलेलं बरं.

आता मुद्द्याचं. हो म्हणायच्या आधी कागदावर काय काय लिहून घ्यायचं.

सगळ्यात पहिलं तुमचं काम. को-प्रोड्युसर म्हणून सर्व सहकार्य करतील, असलं वाक्य असेल तर ते खोडा. त्याऐवजी कोणत्या टप्प्यापासून कोणत्या टप्प्यापर्यंत, कोणाला रिपोर्ट करायचं, किती रकमेपर्यंतचा खर्च तुम्ही स्वतः मंजूर करू शकता, कोणाला कामावर घ्यायचा अधिकार आहे आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे स्पष्ट लिहा. मग क्रेडिट. नुसतं क्रेडिट मिळेल असं लिहून भागत नाही, ओपनिंग टायटल्समध्ये की शेवटी, स्वतंत्र कार्डवर की चार जणांबरोबर, पोस्टरवर आणि ट्रेलरच्या शेवटी आहे का, आणि तुमच्यानंतर अजून कोणाला हेच क्रेडिट देता येईल का. शेवटच्या क्षणी को-प्रोड्युसर म्हणून सहा नावं घुसलेली मी बघितली आहेत, आणि जी मुलगी आठ महिने राबली होती तिचं नाव त्यात पाचवं.

पैसे लावणारे पार्टनर असाल तर सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीला द्या, आलेला पैसा कोणत्या क्रमाने वाटला जाणार. हे उदाहरणाने सांगतो. समजा फिल्मचा खर्च 100, त्यातले 70 मुख्य कंपनीचे आणि 30 तुमचे. फिल्म विकली गेली, विकणाऱ्या एजंटचं कमिशन आणि त्याचा खर्च वजा होऊन हातात आले 40. आता करारात दोघांनी आपल्या हिश्श्याच्या प्रमाणात एकाच वेळी वसूल करायचं असं लिहिलं असेल तर त्यांना 28 मिळतात, तुम्हाला 12. पण आधी मुख्य कंपनीचे पैसे पूर्ण वसूल होतील आणि मग तुमचे, असं असेल तर सगळे 40 त्यांचे आणि तुम्हाला शून्य. तीच फिल्म, तीच विक्री, तुमचा 30 टक्के हिस्सा पण तोच, फरक फक्त एका वाक्याचा. आणि हे वाक्य नफ्याच्या वाटणीच्या कलमात शोधू नका, तिथे ते नसतं, ते वसुलीच्या कलमात असतं. नफा तर त्याच्याही नंतर येतो. त्याचबरोबर हेही विचारा की बजेट वर गेलं तर वरचा पैसा कोण घालणार, सगळे मिळून की एकटा, कारण ते ठरलेलं नसेल तर शूटच्या मधोमध तुमच्याकडे हात पसरले जातात आणि तेव्हा नाही म्हटलं तर आधी घातलेलेही अडकतात.

बरं, कागद झाले. आता कामाचा को-प्रोड्युसर दिवसभर करतो काय?

शूटच्या आधी त्याचं खरं काम म्हणजे स्क्रिप्ट पैशाच्या नजरेने वाचणं. लोकांना हे ऐकायला आवडत नाही, त्यांना वाटतं म्हणजे कात्री लावणार. तसं नाहीये. स्क्रिप्टचं ब्रेकडाउन करताना, म्हणजे कुठल्या सीनला काय काय लागेल ते सुटं करून मांडताना, प्रत्येक पानाचे आठ भाग धरतात आणि सीन किती आठवे भाग लांब आहे ते मांडतात, एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असा ढोबळ हिशोब. पण लांबीचा आणि खर्चाचा संबंध नसतो, आणि इथेच को-प्रोड्युसरचं डोकं लागतं. दोन माणसं खोलीत बसून चार पानं बोलतायत, हा सीन अर्ध्या दिवसात होतो. आणि "ती पावसात भिजत रस्ता ओलांडते", एक ओळ, पानाचा आठवा भाग, तिला अख्खी रात्र जाते.

ही ओळ मी खरंच भोगली आहे. एक ओळ होती, ब्रेकडाउनमध्ये 1/8 लिहिलेलं, मी पण शेड्युलमध्ये ती दुसऱ्या दोन सीनच्या शेपटाला लावून दिली. रात्री पावणेदोनला आम्ही तिथे पोचलो तेव्हा रेन मशीनवाल्याने विचारलं, किती टेक घेणार? मी म्हटलं दोन-तीन. तो म्हणाला टँकरमध्ये पाणी एवढंच आहे, दीड टेक होईल, मग भरून यायला तास-सव्वातास. शिवाय प्रत्येक टेकनंतर हिरोइनचे केस कोरडे करायचे, कॉस्च्युमचा दुसरा सेट घालायचा, आणि कॉस्च्युम डिपार्टमेंटने आणलेला सेट एकच, कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की भिजलेली नसताना ती फुटपाथवर उभी आहे तोही शॉट त्याच रात्री आहे. पहाटे साडेचारला आकाश उजळायला लागलं आणि आमच्या हातात अर्धा शॉट. दुसऱ्या रात्री सगळं युनिट परत. त्यात चूक ना डायरेक्टरची होती ना रेन मशीनवाल्याची, माझी होती, कारण ती ओळ वाचल्यावर पाणी कुठून, किती, कपडे किती जोड, रस्ता किती वाजेपर्यंत आपला, हे प्रश्न विचारणं माझं काम होतं. तेव्हापासून मी स्क्रिप्ट वाचताना पाऊस, प्राणी, लहान मुलं, गर्दी, पाणी, चालती गाडी आणि रात्र या शब्दांवर गोल करतो आणि प्रत्येक गोलासाठी त्या त्या डिपार्टमेंटच्या माणसाला समोर बसवून विचारतो की तुला यासाठी काय लागेल. मेसेज करून नाही, समोर बसवून.

बजेट बनवताना आणीबाणीसाठी साधारण 10 टक्के बाजूला ठेवायची पद्धत आहे, आणि फिल्म पूर्ण होईल अशी हमी देणारी कंपनी आत असेल तर ती हे बघतेच. हे 10 टक्के कोणालाही आधी खायला देऊ नका. प्रत्येक डिपार्टमेंट गोड बोलून मागणार, आत्ता द्या, नंतर वाचवतो. नंतर कोणी वाचवत नाही.

शूट सुरू झालं की दोन कागद तुमचे जिवलग. एक रोजचा प्रॉडक्शन रिपोर्ट, म्हणजे किती वाजता पहिला शॉट लागला, किती पानं झाली, कोण किती वाजता आलं-गेलं, काय मोडलं, काय राहिलं. दुसरा कॉस्ट रिपोर्ट. कॉस्ट रिपोर्ट बघून नवीन माणूस घाबरतो पण त्यात समजायचं एवढंच असतं, बजेटमध्ये किती धरले होते, आजपर्यंत किती गेले, ऑर्डर दिली पण बिल यायचंय असे किती, अजून संपेपर्यंत किती लागतील, आणि या सगळ्याची बेरीज बजेटच्या वर जाते की खाली. लोक फक्त "आजपर्यंत किती गेले" हाच कॉलम बघतात आणि खुश होतात की अजून अर्धे शिल्लक आहेत. फसवणारा कॉलम तो आहे. "अजून किती लागतील" हा कॉलम खरा, आणि तो अकाउंटंट एकटा भरू शकत नाही, कारण उद्या सेटवर काय होणारे ते त्याला माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत असतं. म्हणून आठवड्यातून एकदा अकाउंटंटबरोबर बसून तो कॉलम ओळ ओळ भरा.

पानांचा हिशोबही असाच करा. 96 पानांची स्क्रिप्ट आहे आणि 24 दिवस आहेत तर दिवसाला 4 पानं. सहाव्या दिवशी 24 व्हायला हवी होती आणि 19 झालीत, म्हणजे तुम्ही सव्वा दिवस मागे आहात. हे सहाव्या दिवशी प्रोड्युसरला सांगितलं तर उपाय असतात, दोन लोकेशन एकत्र करता येतात, एखादा सीन रायटरला बसवून लहान करता येतो, एक दिवस दुसरं छोटं युनिट लावून इन्सर्ट, म्हणजे हात, फोन, घड्याळ असले जवळचे छोटे शॉट, आणि ये-जा करतानाचे शॉट काढून घेता येतात. हेच विसाव्या दिवशी सांगितलं तर उपाय एकच उरतो, पैसे. माझ्या मते को-प्रोड्युसरची सगळी किंमत या चौदा दिवसांत आहे. वाईट बातमी लवकर आणि सोबत दोन-तीन पर्याय घेऊन सांगायची, नुसती बातमी नाही. "सर आपण मागे पडलोय" असं सांगितलं की टेन्शन वाढतं, "मागे पडलोय, हे तीन करता येईल, मला दुसरं बरं वाटतं कारण हे" असं सांगितलं की पाच मिनिटांत निर्णय होतो.

डायरेक्टरशी बोलायची पण एक रीत आहे. त्याला सरळ नाही म्हणू नका, आणि खोटं हो तर अजिबात म्हणू नका. क्रेन पाहिजे म्हणाला तर सांगा की क्रेन आणतो, त्या दिवशी सकाळचे दोन तास लावण्यात जातील, म्हणजे बाजारातल्या सीनचे शॉट नऊचे सहा होतील, कोणते तीन सोडायचे ते तुम्ही सांगा. चांगला डायरेक्टर लगेच उत्तर देतो, कधी क्रेन सोडतो, कधी तीन शॉट सोडतो, दोन्ही वेळा निर्णय त्याचा असतो आणि फिल्मच्या भल्याचा असतो. आकडा लपवून त्याच्यावर निर्णय लादला की तो पुढच्या वेळी तुम्हाला काहीच सांगत नाही, आणि तुम्हाला सेटवर गेल्यावर कळतं.

आणि माणसं. युनिटची विश्रांती, जेवणाची वेळ, रात्री उशिरा पॅकअप झाल्यावर सकाळचा कॉल किती वाजता, गाडी चालवणारा माणूस झोपलाय का, हे सगळं को-प्रोड्युसरने स्वतः बघायचं. थकलेला ड्रायव्हर हा सेटवरच्या कुठल्याही स्टंटपेक्षा मोठा धोका आहे आणि कॉलशीटवर, म्हणजे उद्या कोणी किती वाजता यायचं त्या कागदावर, तो कुठेच लिहिलेला नसतो. पेमेंटची तारीख पाळता येत नसेल तर तारखेच्या आधी फोन करा. रोजावर काम करणाऱ्यांचं तर आधी द्या, मोठ्यांचं मागे राहिलं तरी चालेल.

पोस्टमध्ये, म्हणजे शूटनंतरच्या एडिटिंग आणि साउंडच्या टप्प्यात, सगळ्यांना वाटतं आता को-प्रोड्युसरचं काम संपलं. उलट इथे ते परत जड होतं, कारण आता डिलिव्हरी असते. फिल्म विकत घेणारा किंवा चॅनल नुसती फिल्म घेत नाही, एक मोठी यादी देतो. थिएटरसाठीची मास्टर कॉपी, संवाद वगळून फक्त संगीत आणि इफेक्टचा वेगळा ट्रॅक म्हणजे दुसऱ्या भाषेत डब करता येतं, टायटल्स नसलेले शॉट, सबटायटल्स, कुठल्या मिनिटाला कुठलं संगीत किती सेकंद आहे याची क्यू शीट, सगळ्यांचे करार, आणि कथेचे हक्क मूळ लेखकापासून तुमच्या कंपनीपर्यंत कसे कसे आले त्याची कागदांची साखळी. या साखळीत एक कडी नसेल तर फिल्म कितीही चांगली असो, अडकते.

आमच्या एका फिल्मला एका भिंतीने अडवलं होतं. हिरोच्या खोलीत सोफ्याच्या मागे एक चित्र टांगलं होतं, छान होतं, आर्ट डिपार्टमेंटने कुठूनतरी उसनं आणलेलं. सामानाच्या यादीवर माझी सही होती, त्यात लिहिलं होतं "चित्र, मोठे, 1". कोणाचं, ते मी विचारलं नाही. डिलिव्हरीच्या वेळी वकिलाने विचारलं, या चित्राची परवानगी कुठे आहे? ज्याच्याकडून आणलं त्याला चित्रकार कोण ते माहीत नाही, खाली सही आहे ती वाचता येत नाही. चित्र विकत घेतलं म्हणजे ते पडद्यावर दाखवायचा हक्क मिळत नाही, इथे तर उसनंच होतं. शेवटी 41 शॉटमध्ये ते चित्र एक एक करून बदलावं लागलं, त्यातल्या बऱ्याच शॉटमध्ये समोरून माणूस चालत जातो. आता मी आर्टच्या यादीत एक कॉलमच वाढवलाय, हे कोणी बनवलं आणि कागद कुठे आहे. पोस्टर, पुस्तकाचं कव्हर, टीशर्टवरचं डिझाइन, मागे वाजणारा रेडिओ, फोनची रिंगटोन, सगळं त्यात येतं.

मालिकांचं थोडं वेगळं. रोज दाखवल्या जाणाऱ्या मालिकेत को-प्रोड्युसरचा जीव एपिसोडच्या बँकेत असतो, म्हणजे प्रसारणाच्या पुढे किती एपिसोड तयार पडलेत. बँक खाली आली की सगळ्याच गोष्टी बिघडतात, लेखक घाईत लिहितो, एडिटर रात्रभर बसतो, कलाकार आजारी पडला तर कथेचा ट्रॅक बदलावा लागतो. तेव्हा बँक भरलेली असतानाच पुढच्या दोन आठवड्यांच्या तारखा, लोकेशन आणि कोण कधी सुट्टीवर आहे ते मांडून ठेवा. मर्यादित भागांच्या सीरिजमध्ये मात्र सगळे एपिसोड एका फिल्मसारखे ब्लॉक करून शूट करतात, एका लोकेशनचे पहिल्यापासून आठव्या एपिसोडपर्यंतचे सीन एकदम. इथे कंटिन्युइटी, म्हणजे कपडे-सामान एका शॉटपासून दुसऱ्यापर्यंत जुळणं, आणि स्क्रिप्ट लॉक होणं, म्हणजे आता बदल नाही असं ठरणं, याला फार महत्त्व, सातव्या एपिसोडची स्क्रिप्ट बदलत असताना ते लोकेशन मोडू देऊ नका.

या कामात यायचं असेल तर कुठून यायचं, हे पण बरेच जण विचारतात. असिस्टंट डायरेक्टर, लाइन प्रॉडक्शन, पोस्ट सुपरवायझर, अकाउंट्स, कुठूनही येता येतं. मला स्वतःला अकाउंट्समधून आलेली माणसं फार आवडतात कारण त्यांना बिल बघून सेटवर काय झालं असेल ते कळतं. फक्त एक करा, पहिल्या दोन-तीन छोट्या कामांमध्ये एक ब्रेकडाउन, एक शेड्युल, एक कॉस्ट रिपोर्ट आणि एक डिलिव्हरीची यादी, चारही स्वतःच्या हाताने सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघा.

आणि फिल्म रिलीज झाल्यावर फाइल बंद करू नका. तुमच्या करारात हिशोब कधी कधी मिळणार ते लिहिलेलं असतं, साधारण सुरुवातीला तिमाही किंवा सहामाही, नंतर वर्षाला. त्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका आणि हिशोब आला नाही तर दुसऱ्याच दिवशी लेखी विचारा. हिशोबाचं ऑडिट करायचा हक्क करारात असेल तर त्याला बहुतेक वेळा मुदत असते, ती उलटली की आलेला हिशोब मान्य केला असं धरलं जातं. व्हाउचर, रिपोर्ट, करार, परवानग्या, क्यू शीट सगळं एका ठिकाणी, दोन कॉपी करून, फिल्मच्या नावाने आणि तारखेने ठेवा. चार-पाच वर्षांनी कोणीतरी ती फिल्म नव्याने विकत घ्यायला येतो आणि पहिल्या मेलमध्ये तीच साखळी मागतो.